कागदावरचं ‘बिन’

तात्या, आज खिडकीची काच तडकली म्हणून तिला कागद चिकटवायला मी घरी खळ करायला घेतली आणि तिच्यात ह्या एवढाल्या गुठळ्या झाल्या. सून म्हणाली, बाबा, बाजारात गोंदाची बाटली मिळते. मिळते, मला काय ठाऊक नाही? पण मी आईची खळ पाहिली आहे. गव्हाचं पीठ आधी गार पाण्यात कालवून, मग चुलीवर मंद जाळावर, हात न थांबवता. उतरवताना त्यात चिमूटभर विषारी मोरचूद, म्हणजे कागदाला किडा लागत नाही. त्या भांड्याला तिनं बाहेरून चुन्याची फुली मारलेली असायची, चुकून कुणी त्यात कढण ओतू नये म्हणून. महिन्यातून दोनदा ती तुमची डबी भरून द्यायची आणि म्हणायची, “घ्या, तुमच्या कोर्टाची लापशी.”

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. नोकरीत बदल्या झाल्या तेव्हा लिहायचो ती आईच्या नावानं, वाचायचात तुम्ही. आता आई नाही, तुम्ही तर तिच्याही आधी गेलात, आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद घरोघरी पोचवले त्या बेलीफाला त्याचा कागद पोचवायचा कुणी, हा प्रश्नच आहे. तरी लिहितो. गुठळ्यांनी डोकं फिरलं की मला लिहायला बरं वाटतं.

तुमची ती खाकी कोटावरची पितळी बिल्ल्याची पट्टी, काखेतली कापडी पिशवी आणि कानावरची कॉपिंग पेन्सिल मला अजून दिसते. ती पेन्सिल ओली केल्याशिवाय उठत नसे, म्हणून तुमच्या खालच्या ओठावर कायम एक जांभळा ठिपका. आई म्हणायची, ह्यांनी विडा खाल्ला तरी लाल होत न्हाईत, जांभळेच राहतात. खर्ड्याच्या किल्ल्यापासच्या वस्त्यांपर्यंत तुम्ही पायी समन्स नेलेत. लोक तुम्हाला पाहून मागच्या दारानं पळायचे, आणि तुम्ही त्यांच्याच ओसरीवर पाणी मागून बसून राहायचात, कारण तुमचा नियम ठरलेला होता. कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. नाही घेतला, तर दोन माणसं साक्षीला घेऊन दारावर चिकटवायचा. “दार पळत न्हाई,” असं तुम्ही म्हणायचात.

मी सातवीची फायनल पास होऊन मामलेदार कचेरीत कारकून लागलो तेव्हा तुम्ही पेढे वाटले नाहीत, पण हळूच सगळ्या कोर्टाला सांगून आलात. हंगामी नोकरी होती. मामलेदारसाहेबांनी चांगला शेरा मारला तर कायम, नाहीतर घरी. कोर्ट आणि कचेरी एकाच आवारात, मध्ये छातीएवढी दगडी भिंत आणि तिला एक फाटक. तुम्ही भिंतीच्या ह्या अंगाला, मी त्या अंगाला. आणि घरी तुम्ही एकच कायदा केला होता: “जेवताना कचेरी न्हाई का कोर्ट न्हाई.” आई हसायची. तिच्या घरात दोन सरकारं जेवत होती आणि दोन्ही मुकी.

आता त्या दिवसाचं. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. धान्याचं सरकारी गुदाम गावात नवीन झालं होतं आणि गाड्यांना वळायला जागा पुरत नव्हती. गुदामाच्या तोंडाशी एका मोमीन विणकराची पडवी होती. आम्ही त्यांना चाचाच म्हणायचो. पडवीत त्यांचा खड्डामाग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि वर लुगडं विणायचं. असला माग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. खड्डा बुजला की माग संपला, आणि चाचांच्या घरात दुसरं कुणी काही कमावत नव्हतं. साहेबांनी नोटीस काढली: पडवी रस्त्यावर आली आहे, काढून घ्यावी. चाचांनी हरकतीचा अर्ज केला. तो ऐकायला कोण? साहेबच. त्यांनी तो फेटाळला. पडवी काढली नाही म्हणून खटला भरला तर तो कुणापुढे? तोही साहेबांपुढेच, कारण तेव्हा मामलेदारच मॅजिस्ट्रेट. हे सगळे कागद मी माझ्या हातानं लिहिले, तात्या, वळणदार अक्षरात. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट एकाच टेबलावर सगळं उरकतं, किती सोयीचं, असंच वाटलं होतं.

साहेब वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. खाणारे नव्हते, उद्धट नव्हते. घाईचे होते. गुदामात धान्य पावसाआधी पडलं पाहिजे ह्यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं, आणि त्यांना थांबवणारं तालुक्यात कुणी नव्हतं. चाचा सर्व्हिस मोटारीनं नगरला गेले, वकील केला आणि जिल्हा कोर्टातून मनाई हुकूम आणला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत पडवीला हात लावू नये. तो कागद बजावणीसाठी आपल्या गावच्या कोर्टाकडे आला आणि तिथल्या नाझरसाहेबांनी, बेलीफांना कामं वाटून देणाऱ्यांनी, तुमच्या पिशवीत टाकला. ही खबर आमच्या साहेबांना आदल्याच संध्याकाळी लागली होती. ते मला म्हणाले, “उद्या दुपारी गडी पडवी उतरवतील. तोवर कोर्टाचा माणूस आला तर साहेब फिरतीवर आहेत असं सांगायचं. कागद हातात पडला नाही म्हणजे मला काही माहीत नाही.”

कोर्टाचा माणूस! त्यांनाही ठाऊक होतं तो कोण ते.

सकाळी आपण दोघं चुलीपुढं शेजारी बसून भाकरी खाल्ली. तुमच्या पिशवीत तो हुकूम होता आणि माझ्या पोटात साहेबांचा. आई आपली विचारतेय, “आज दोघांबी ठेचा का नको?”

अकराच्या सुमाराला तुम्ही फाटकातून आत आलात. पाहतो तर मान ताठ, बिल्ला घासून लख्ख. मी कचेरीच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो. घरी तुम्ही ‘हाय’ म्हणायचात. कामावर असलात की बिल्ल्याबरोबर ‘आहे’सुद्धा चढवायचात.

“साहेब आहेत का?” तुम्ही म्हणालात.

“साहेब फिरतीवर गेलेत.”

“कधी?”

“सकाळी.”

“कुठल्या गावाला?”

ह्याची तयारी मी केली नव्हती. “पलीकडच्या,” मी म्हणालो.

तुम्ही लिंबाखाली पाहिलं. तिथं साहेबांची घोडी निवांत कडबा खात उभी होती. तुम्ही परत माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून शिंक आली. तात्या, साहेबांची तपकीर तालुक्याला माहीत होती. ते एक शिंकून थांबत नसत, मोजून तीन शिंकत. दुसरी आली. तुम्ही, मी आणि दाराशी बसलेला म्हातारा शिपाई, आम्ही तिघंही श्वास धरून तिसरीची वाट पाहत उभे. ती आली. शिपायानं तोंडाला फेट्याचा शेव लावला.

तुम्ही हसला नाहीत. पेन्सिल जिभेला लावलीत, कागद पिशवीवर धरलात आणि विचारलंत, “आपलं नाव?”

आपलं! ज्या तोंडून मला जन्मभर ‘लेका’ आणि ‘गाढवा’ ऐकायची सवय, त्या तोंडून ‘आपलं’. मी नाव सांगितलं.

“वडिलांचं नाव?”

मी शिपायाकडे पाहिलं. शिपाई म्हणाला, “आवो तात्या, असं काय करता? तुमचंच की!”

“मी ह्यांना इचारतोय,” तुम्ही म्हणालात. ‘आहे’ तेवढ्यापुरतं गळून पडलं. मग पुन्हा सावरून म्हणालात, “वडिलांचं नाव सांगा.”

मी तुमचं नाव तुमच्या तोंडावर घेतलं. जन्मात पहिल्यांदा. तुम्ही ते सावकाश लिहिलंत, तेव्हाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मध्ये ‘बिन’ घालून, अमुक बिन तमुक, आणि मला वाचून दाखवलंत: सदर कारकून सांगतात की साहेब फिरतीवर आहेत. “बरोबर आहे का? मग इथं सही करा.”

मला वाटलं होतं, आता मी म्हणेन की नाही, साहेब आत आहेत. खरंच वाटलं होतं. पण मला कायमपणाचा तो शेरा दिसत होता. मी सही केली.

मग तुम्ही लिंबाखालच्या अर्जनवीसाला आणि चहावाल्याला साक्षीला हाक मारलीत, डबी उघडलीत, दोन बोटांनी आईची खळ कागदाला लावलीत आणि तो हुकूम कचेरीच्या दारावर चिकटवलात. चारही कोपरे तळव्यानं दाबलेत. घरी भिंतीवर देवाचं कॅलेंडर लावताना दाबायचात तसे. आणि माझ्याकडे न बघता फाटकातून निघून गेलात.

थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. दारापुढं उभं राहून त्यांनी सगळा कागद वाचला. कोपऱ्याला नख लावून पाहिलं, पण आईची खळ ती, एवढ्यात वाळून दगड झाली होती. ज्यांच्या घोडीची टाप ऐकून बाजारातली माणसं उठून उभी राहायची, ते साहेब उन्हात एका कागदापुढे उभे होते आणि त्यांना काही करता येत नव्हतं. मी मनाशी म्हणत होतो, आता फाडतील. फाडला नाही. शिपायाला म्हणाले, “गड्यांना परत बोलवा. पहारी आणून ठेवा म्हणावं.” आणि आत जाऊन पुन्हा तीनदा शिंकले. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की सरकार सरकारला अडवू शकतं, आणि त्यासाठी बंदूक लागत नाही, बोटभर खळ लागते. मला भीती वाटायला हवी होती, पण सांगू का, आतून बरं वाटलं होतं.

संध्याकाळी आईनं शेंगोळे केले होते. मी पहिला घास घेतला आणि तुम्ही तुमचाच कायदा मोडलात.

“कागदावर ‘बिन’ म्हंजे काय रं?” तुम्ही विचारलंत.

“म्हणजे मुलगा. अमक्याचा मुलगा.”

“आन् बोलन्यात? बिनकामाचा, बिनमिठाचा म्हनतो तवा?”

मी ताटातले शेंगोळे चिवडले.

“तवा त्याचा अर्थ ‘वाचून’, म्हंजे शिवाय. आज मी तुझ्या म्होरं माझं नाव लिवलं, मदी बिन घातलं. त्येचा अर्थ कंचा घ्यायचा, मुलगा का वाचून? तू सांग, तू शिकल्याला हाईस.”

मी ताट सरकवलं. मला तुमचा इतका राग आला होता! “माझी नोकरी गेली असती,” मी ओरडलो. “साहेबांचा हुकूम होता.”

“मलाबी हुकूम हुता.”

“मग माझं नाव कशाला विचारलंत? नुसता कागद चिकटवायचा होतात!”

“कुनी सांगितलं त्ये लिवावं लागतं. तू माझा हाईस म्हनून गाळायचं व्हय? मंग चाचानं कुनाच्या दारात जायाचं?”

आई मध्ये पडली. तिनं माझं ताट पुन्हा पुढं ओढलं आणि तुम्हाला म्हणाली, “पुरं झालं कोर्ट. लई मोठं लागून गेलंय तुमचं कोर्ट! उद्या म्हनाल माझा तवा घेऊन जातो.”

तेव्हा तुम्ही हसलात, तात्या. राग जिरला तो तिथं. म्हणालात, “तुझा तवा कोर्टाच्या बापाला न्हेता येत न्हाई. सैपाकाची भांडी, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, जप्तीत यातलं काई उचलता येत न्हाई. जज्जसायबानं म्हनलं तरी न्हाई. कायदाच हाय तसा.”

“आणि तो कायदा कुणी केला?” मी अजून घुश्श्यातच.

“करनारे येगळे. सायबाला कोर्ट आडवतं, कोर्टाला कायदा आडवतो, आन् कायदा करनाऱ्यालाबी कुनीतरी आडवत आसंलच. न्हाईतर त्यो माजंल. कुनालाबी घरात मोकळा सोडू नये.” एवढं बोलून तुम्ही शेंगोळ्यांचा रस भुरकलात आणि म्हणालात, “मीठ कमी हाय.” आई म्हणाली, “तुमाला आडवनारी मी हाय, गप जेवा.” आपण तिघंही हसलो. मी मात्र माफी मागितली नाही. तुम्हीही मागायला लावलं नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. साहेबांनी मला बोलावलं. ते म्हणाले, “ह्यापुढं मी आत असलो की आत आहे म्हणत जा. तुला खोटं बोलता येत नाही, पलीकडचं गाव म्हणे!” आणि शेरा चांगला मारला. मी कायम झालो. गुदामाची वाट मागच्या अंगानं काढली, तिथं नुसता उकिरडा होता. आधी कुणी तिकडं जाऊन पाहिलंच नव्हतं. चाचा तुम्हाला एक पंचा घेऊन आले, तुम्ही तो परत पाठवलात, आणि मग कितीतरी दिवस त्यांच्या मागाशी जाऊन गप्पा मारत बसायचात. मला तुम्ही कायम झाल्याची भेट म्हणून एक कोरी कॉपिंग पेन्सिल दिलीत. मी ती कधी ओली केली नाही. ती जपून ठेवली आहे. स्वराज्य आल्यावर पुढं मामलेदारांकडची मॅजिस्ट्रेटकी काढून घेतली, तेव्हा तुम्ही सेवेतून उतरला होतात. मी घाईघाईनं सांगायला आलो तर म्हणालात, “बरं झालं. येकाच डोक्याव दोन पागुटी, मानच मोडायची.”

सही केली त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हाही माझ्या मनात तेच, की दप्तराच्या कुठल्यातरी बस्त्यात तुमच्या अक्षरात माझं खोटं पडलं आहे आणि त्याच्या पोटात तुमचं नाव आहे.

निवृत्तीआधी माझी शेवटची बदली नगरला झाली. एकदा धीर करून जिल्हा कोर्टाच्या दप्तरखान्यात गेलो. तिथला माणूस म्हणाला, बजावणीचे किरकोळ कागद इतके दिवस कुणी ठेवत नाही, केव्हाच जाळले असतील. तरी त्यानं चाचांच्या दाव्याचा निकाल शोधून दिला. आणि तात्या, त्याच्या मागे तुमचा रिपोर्ट होता. तुमच्या हाताला लागलेली खळ त्या कागदाला लागली असणार, आणि तो हुकमाच्या प्रतीला असा चिकटला होता की नष्ट करणाऱ्यांना तो वेगळा काढताच आला नाही. कडेला आईच्या मोरचुदाची हिरवी झाक. शेजारच्या बस्त्यांची किड्यांनी चाळण केली होती, ह्याला एक भोक नाही.

मोडी वळणाचं तुमचं जांभळं अक्षर. माझं नाव, बिन, तुमचं नाव. सदर कारकून सांगतात की साहेब फिरतीवर आहेत. इथपर्यंत मला पाठ होतं. पण सहीच्या खाली, साक्षीदारांच्याही खाली, तुम्ही आणखी दोन ओळी लिहिल्या होत्यात. त्या तुम्ही मला वाचून दाखवल्या नव्हत्यात. “सदर इसम माझा सख्खा मुलगा असून तो खोटे सांगत आहे अशी माझी खात्री आहे. तो स्वभावाने खोटा नाही, हुकुमामुळे बोलत आहे.”

पहिली ओळ कायद्याला लागते. दुसरी कुणालाच लागत नाही. तुमच्या सगळ्या नोकरीत तुम्ही रिपोर्टात एवढं एकच वाक्य जास्तीचं लिहिलं असेल. मी भर दप्तरखान्यात रडलो, आणि त्या माणसाला सांगितलं की धुळीनं डोळ्यांत पाणी आलं.

खळ निवली आहे. गुठळ्या काढून काचेला कागद चिकटवतो आता. हे पत्र कुठं चिकटवणार? आपलं भाड्याचं घरही राहिलेलं नाही, त्याचं दारही नाही. पेटीत पेन्सिलीशेजारी ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. दप्तरखान्यात शिरताना रजिस्टरात नाव लिहावं लागतं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, मध्ये ‘बिन’ घातलं. तिथला पोरगा म्हणाला, हे काय लिहिलंत? मी म्हणालो, म्हणजे मुलगा. आणि पुढच्या रकान्यात, येण्याचं कारण म्हणून, मी लिहिलं: कचेरीचं काम. ते खोटं होतं, तात्या. आणि ह्या खेपेला मला कुणाचा हुकूम नव्हता.